मी थांबले आणि हात केला

६ नोव्हेंबर, गुरुवार

आज माझ्यासमोर एक माणूस उडाला.

धंतोलीत, डोळ्यांच्या दवाखान्यासमोरच्या झेब्र्यावर. सकाळचे सव्वाअकरा. मी थांबले होते — पट्ट्यांच्या अलीकडे, एक चाकही पांढऱ्यावर नाही. फुटपाथवर एक म्हातारा उभा. धोतर, टोपी, डोळ्यांवर उन्हासाठी आडवा हात. त्याच्या मागे बायको, दोन पिशव्या सांभाळत. म्हातारा निघाला तो एक हात वर करून, धावतच. आपल्याकडे गाडी थांबली की माणसं अशीच धावतात, आपण फार मोठे उपकार केल्यासारखी. माझ्या बॉनेटसमोरून गेला, गाडीच्या आडून बाहेर पडतो तोच उजवीकडून मोटरसायकल.

टोपी माझ्या काचेवर येऊन पडली. वायपरमध्ये अडकली. काढायचं सुचलं नाही, तशीच दवाखान्यापर्यंत घेऊन गेले.

मोटरसायकलवाला पळाला नाही. त्याचा स्वतःचा गुडघा फुटला होता, तरी आम्ही दोघांनी मिळून म्हाताऱ्याला माझ्या गाडीत घातलं. हाडांचा दवाखाना चौथ्या मिनिटाला — गल्लोगल्ली दवाखाने, धंतोलीत पडण्याचा एवढाच एक फायदा. खुब्याचं हाड मोडलंय, ऑपरेशन लागणार. नाव रामाजी. काटोलकडचे, संत्र्याची बाग आहे. बायको रुखमाबाई, ती सारा वेळ एक शब्द बोलली नाही. मुलगा कवडू दुपारी आला आणि माझ्या पायाच पडायला निघाला. मी पाय मागे घेतले.

गिरिधर म्हणतो, "तू थांबलीस. तूच नेलंस. आणखी काय करते एखादी बाई? चल, पोहे खा." नवरा वाईट नाही माझा, पण कुठल्याही संकटावर त्याच्याकडे पोहेच असतात.

त्याला सगळं सांगितलं. एक सोडून. म्हातारा आपणहून निघाला नव्हता. उभाच होता तो, चांगला शहाण्यासारखा. मी काचेतून हात केला — या, या, या — तेव्हा निघाला.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

ठाण्यात जबाब देऊन आले. हवालदार सभ्य होता, पंखा माझ्याकडे वळवला. "तुमच्यासारखे थांबणारे लोक मिळत नाहीत मॅडम."

सव्वीस वर्षं कॉलेजच्या ऑफिसात कागद लिहिण्यात गेली. हेडक्लार्क आहे मी. कुठला शब्द कुठं ठेवला की कोणाच्या गळ्यात काय पडतं, ते मला कोणी शिकवायला नको. मी सांगितलं — 'मी झेब्रा क्रॉसिंगवर नियमानुसार गाडी थांबवली. सदर वृद्ध गृहस्थ रस्ता ओलांडू लागले. त्याच वेळी उजव्या बाजूने दुचाकी आली.'

ओलांडू लागले! जसं काही आपोआप झालं, आभाळ भरून यावं तसं. हात कुठेच नाही त्यात.

हवालदारानं पेन थांबवून विचारलं, "भरधाव लिहू ना?"

मी दुचाकी पाहिलीच नव्हती. आवाज आला तेव्हा ती आपटून झाली होती. आरशात पाहिलं असतं तर कळलं असतं किती वेगात आहे. आणि आरशात पाहिलं असतं तर हातच केला नसता.

"लिहा," म्हणाले. सही केली. माझी सही फार सुरेख येते, सगळे म्हणतात.

९ नोव्हेंबर, रविवार

गाडी घरासमोर उभी आहे. पुसायलाही गेले नाही.

गेल्या वर्षीच्या दिवाळीनंतर गाडी शिकले मी, पन्नाशी उलटल्यावर. काय हसले सगळे! वेदिका पुण्याहून फोनवर म्हणाली, "आई, तू निघालीस की आधी ग्रुपवर टाकत जा, लोक सावध होतील." पोटची पोरगी असून. मी पण इरेला पेटले. क्लासमध्ये नंदिनी म्हणून मुलगी शिकवायची, अठ्ठावीसेक वर्षांची, तोंडात सतत च्युइंगम, पण गाडी अशी चालवायची की पाण्याचा भरला पेला सांडू नये. तिनं पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. शब्द न शब्द आठवतो. तेच तर झालं आहे, दुसरं काही आठवतच नाही.

"झेब्र्यावर थांबायचं मॅडम. थांबायच्या आधी तिन्ही आरसे बघायचे. हळूहळू थांबायचं, मागच्याला समजलं पाहिजे. आणि थांबून झालं की हात स्टेअरिंगवर. कोणाला या-जा करायचं नाही. तुम्हाला मागचं दिसत नाही, पण समोरच्याला वाटतं, गाडीतल्या बाईला सगळं दिसतंय. थांबणं तुमचं, निघणं त्याचं."

मी म्हटलं, "अगं, माणुसकी आहे की नाही? दारात आलेल्याला 'या' म्हणायचं, एवढंच तर आमच्या आईनं शिकवलं आम्हाला."

"हे दार नाही मॅडम," म्हणाली. "रस्ता आहे."

आगाऊ आहे पोरगी, असं मी घरी येऊन सांगितलं होतं.

खरं लिहू? इथं तरी लिहिते. मला आवडायचं ते. शहरात कोणी थांबत नाही, मी थांबते. मागचे हॉर्न मारून मारून थकतात, मी ढिम्म. आणि मग तो हात. मनगटातल्या बांगड्या वाजवत, थोडी मान कलती करून — या. पलीकडे गेलेला माणूस वळून हसायचा आणि माझा अर्धा दिवस त्यावर निघायचा. गुरुवारीही मी म्हाताऱ्याच्या हसण्याची वाट बघत होते. आरसा कोण बघतो?

११ नोव्हेंबर, मंगळवार

ऑपरेशन झालं. रॉड टाकला आहे. ऑफिसातून सुटल्यावर डबा नेला — मऊ भात, मुगाचं वरण, पातळभाजी. आता रोज नेणार. गिरिधर म्हणाला, "रोज?" मी म्हटलं, रोज.

रामाजी मोठा गोड माणूस. बहात्तर वर्षांचे. भाजी खाऊन म्हणाले, "बाई, तुमच्या हाताले चव हाय." मी जिन्यात जाऊन उभी राहिले जरा वेळ.

रुखमाबाईंचं मात्र समजत नाही मला. कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून असतात. नवऱ्याला उठवून बसवायचं असलं तर नर्सला हाक मारतात, नाही तर कवडूला. आज उशी सरकली होती, पाठीला टोचत होती, ते कुरकुरले, तरी ह्या बसूनच. शेवटी मीच नीट केली. पन्नास वर्षांचा संसार आणि नवऱ्याला हात लावत नाहीत! माझ्याकडेही बघत नाहीत. बघितलं की लगेच पदर सावरतात आणि जमिनीकडे बघतात.

त्यांनी पाहिलं आहे. माझा हात पाहिला आहे त्यांनी. अगदी मागेच तर उभ्या होत्या.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

आज सांगणार होते. वांग्याची भाजी देऊन आले.

१५ नोव्हेंबर, शनिवार

दवाखान्याच्या पायऱ्यांवर मोटरसायकलवाला भेटला. धर्मेंद्र. जरीपटक्याचा, चाळिशीचा, औषधांच्या दुकानांना माल पोचवतो. गुडघ्याला पट्टी, हातात मोसंब्यांची पिशवी. वर जायची हिंमत होत नव्हती, म्हणून खालीच उभा. कवडूनं पहिल्या दिवशी कॉलर धरली होती त्याची.

"मैडम, गलती मेरी है," म्हणाला. "झेब्रा पे सामनेवाली गाड़ी रुकी तो मेरे को भी रुकना था. आपने एकदम ब्रेक मारा, मैं कट मार के निकल गया. पर कागज पे भरधाव लिखा है. मैं भरधाव नहीं था, मैडम. आपने तो देखा होगा."

आपने तो देखा होगा!

मी म्हटलं, "पोलिसांचं काम पोलिसांना करू द्या." कॉलेजात फी-माफीवाल्या पोरांना जो आवाज लावते तोच लावला. त्यानं मान हलवली. मोसंबी माझ्याकडे दिली, वर द्या म्हणून. दिली मी. कोणी दिली ते सांगितलं नाही, आणि रुखमाबाईंना वाटलं मीच आणली.

लायसन्स जाईल त्याचं. लायसन्स गेलं की त्याचं काम गेलं. माझ्या एका 'लिहा'नं.

१६ नोव्हेंबर, रविवार

त्याचाही दोष आहेच. गाडी झेब्र्यावर थांबली म्हणजे समोर माणूस असणार, एवढं कळत नाही? लोक गाडीच्या बाजूनं घुसतात म्हणजे काय? कट मार के म्हणे!

अर्धं पान त्याच्यावर लिहिलं आणि खोडलं. त्याचा दोष त्यानं पायऱ्यांवर उभं राहून सांगितला. माझा मी अजून कुठं सांगितला आहे?

१८ नोव्हेंबर, मंगळवार

आज काय झालं!

डॉक्टर राउंडला आले. गमतीत विचारलं, "आजोबा, एवढी मोठी मोटरसायकल दिसली नाही का तुम्हाला?"

रामाजी म्हणाले, "दिसन कशी साहेब? डोळ्यात थेंब टाकले होते ना, तपासाले. घंटाभर काही दिसत नाही त्यानं. सगळं पांढरंफटक. समोर माणूस हाय का म्हैस हाय, समजे ना मले. या बाईची गाडीच दिसली नाही तं मोटरसायकल काय दिसते."

"मग निघाले काहून?"

"निघालो आपल्या मनानं. म्हाताऱ्याचं काय."

रुखमाबाई उठल्या आणि डबा धुवायला घेऊन गेल्या. धुतलेलाच होता तो.

आपल्या मनानं! गाडीच दिसली नाही म्हणजे काचेतला हात कुठून दिसणार? मी हात केला तो हवेत गेला. त्यांचं निघणं वेगळं, माझा हात वेगळा. बारा दिवस मी उगाच मरून राहिले होते!

येताना संत्रा बर्फी घेतली. गिरिधर म्हणाला, "काय झालं?" म्हटलं, काही नाही, खावीशी वाटली. चार तुकडे खाल्ले. उद्या गाडी काढते.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

कॉलेजात एनएसएसचा कार्यक्रम. रस्ता सुरक्षा. प्राचार्यांनी परस्पर ठरवून टाकलं — आमच्या चारुशीला मॅडमचा सत्कार. शाल, श्रीफळ, आणि वर दोन शब्द बोला. सव्वीस वर्षांत मला कोणी दोन शब्द बोला म्हटलं नव्हतं, नुसते दोन हजार शब्द टाइप करा एवढंच.

बोलले मी. छान बोलले. पोरं शिट्ट्या मारतील वाटलं होतं, पण ऐकत होती. म्हटलं, थांबा. दोन मिनिटांनी कोणाचं राज्य जात नाही. आणि नुसतं थांबू नका, समोरच्याला हातानं बोलवा, त्याला विश्वास वाटला पाहिजे. असा हात करा — करून दाखवला. टाळ्या.

घरी येऊन शाल कपाटात ठेवली. नंदिनीची आठवण आली मधेच. काहून आली कोण जाणे. कपाट लावून टाकलं.

२४ नोव्हेंबर, सोमवार

रामाजींना घरी सोडलं. वॉकर धरून चार पावलं चालतात, मागून कवडू धरतो. निघताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. कवडू म्हणाला, "मॅडम, एकडाव गावाले या. बाग दाखवतो." रुखमाबाई गाडीत बसायच्या आधी परत वळल्या, माझ्यापर्यंत आल्या, काहीतरी बोलणार असं वाटलं, आणि नुसतं "जातो बाई" म्हणून गेल्या.

३० नोव्हेंबर, रविवार

कवडूनं संत्र्यांची पेटी पाठवली. गोड आहेत. गिरिधर एका बैठकीत सहा खातो.

७ डिसेंबर, रविवार

काटोलला जाऊन आले. एकटी, गाडी घेऊन. शहराबाहेर पहिल्यांदाच. जाताना गाणं गुणगुणत गेले, हे आधी लिहून ठेवते. मिठाईचा डबा, रामाजींना स्वेटर, रुखमाबाईंना लुगडं. सत्काराला निघाल्यासारखी गेले.

रामाजी अंगणात खाटेवर. चांगले दिसले. सुनेनं, मिनलनं, चहा केला. कवडू बाग दाखवायला नेतो म्हणाला तर रुखमाबाईच उठल्या. "मी दाखवते. तू बस बाबापाशी."

झाडांमध्ये गेलो. वाकलेल्या फांद्यांना बांबूचे टेकू लावलेले. तिथं थांबल्या. महिनाभरात पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं त्यांनी.

"बाई, तुमी काचीतून पाह्यलं ना सगळं?"

मी म्हटलं, काय?

"मी त्यायले ढकललं ते." दोन्ही हात पुढे केले, करून दाखवलं. "त्यायले दिसत नव्हतं. थांबू म्हणत होते, थेंबाचा असर उतरू दे म्हणत होते. मी आईकलं नाही. साडेबाराची बस होती. तुमी हात केला, मले दिसला. मी म्हनलं, चला ना, बाई थांबली हाय, एवढ्या मोठ्या घरची बाई बोलावून राह्यली, तिले ताटकळत काहून ठेवता? अन् पाठीले हात लावून ढकललं मी त्यायले. मंग पिशवी उचलाले वाकली. वर पाह्यलं तं…"

मी ते ढकलणं पाहिलंच नव्हतं. त्याच बोलत होत्या. इतके दिवस न बोललेली बाई, सगळं एकदम.

"ते कोणालेच सांगत नाही. डॉक्टरले म्हणे, आपल्या मनानं निघालो. माझ्यासाठी. त्याचंच लागते जास्त. अन् तुमाले तं सगळं माहीत, तरी तुमी रोज डबा आणला. एका शब्दानं नाही बोलल्या. मले वाटे, आज बोलन बाई, उद्या बोलन. तुमच्याकडं पाहाची हिंमत नव्हती माझी."

म्हणजे मी त्यांच्या नजरेला भीत होते आणि त्या माझ्या!

तिथं सांगायचं होतं. त्याहून सोपी जागा देवानं दिली नसती मला. तोंड उघडलंही होतं. आणि त्यांनी विचारलं —

"एक सांगा. तुमी हात केला तवा रस्ता मोकळा होता ना? तुमी पाहूनच केला असन हात. पाहूनच केला ना?"

मी म्हटलं, "हो. पाहूनच केला."

मान हलवली त्यांनी. "तेच म्हणतो मी. तुमच्याकडून काही नाही. मीच."

"होतं असं, आजी," म्हणाले मी. वरून हेही म्हणाले. आणि त्यांनी तोडून दिलेली संत्री ओच्यात घेतली.

येताना प्रत्येक गावात थांबले. म्हशी, पोरं, सायकली, सगळ्यांना. दोन्ही हात स्टेअरिंगवर आवळून धरलेले, बोटं दुखेपर्यंत. एका बाईनं काचेतून विचारल्यासारखं बघितलं, जाऊ का म्हणून. मी तिच्याकडे बघितलंच नाही. तिनं इकडं तिकडं पाहिलं, थांबली, एक ट्रक जाऊ दिला, आणि मग गेली. किती साधं होतं.

८ डिसेंबर, सोमवार

विधानसभेच्या अधिवेशनामुळे रस्ते बंद. ऑफिसला चालत गेले. बरंच झालं.

१० डिसेंबर, बुधवार

रामाजींना हात दिसला नाही, हे खरं. पण हात हवेत गेला नव्हता. माझा हात रुखमाबाईंनी घेतला आणि नवऱ्याच्या पाठीला लावला. मी बोलावलं नसतं तर त्या बाईनं बसच चुकवली असती, नवऱ्याला पुढं लोटलं नसतं. आणि मी तिला सांगून आले, माझा हात बरोबर होता, तुझाच चुकला.

अडुसष्ट वर्षांच्या बाईला!

संत्री टोपलीत आहेत. गिरिधरला सांगितलं, तूच खा. म्हणाला, काहून, पित्त झालं का? म्हटलं, हो.

१२ डिसेंबर, शुक्रवार

जेवणाच्या सुट्टीत कवडूचा फोन.

"मॅडम, आईचं डोस्कं फिरलं का समजत नाही. तुमी जाऊन आल्या, तवापासून भाकरीले हात नाही लावत. म्हणते, ठाण्यात ने मले, जबाब देतो का मीच ढकललं. त्या मोटरसायकलवाल्यावर केस झाली माझ्यापायी, म्हणते. बाबा ओरडले तं रडत बसली. तुमी सांगा ना तिले. तुमी तं समोर होत्या. तुमचं आईकन ती. असं काही झालंच नाही, म्हणून सांगा फक्त."

म्हटलं, "बघते."

बघते! फी-माफीच्या अर्जावरही हेच लिहिते मी. बघते, पाहते, कळवते. आणि बघितलं कधी, ज्या दिवशी बघायचं होतं त्या दिवशी?

लिहिता-वाचता न येणारी बाई ठाण्यात जायला निघाली आहे. हेडक्लार्क इथं बसून राहिली आहे.

१४ डिसेंबर, रविवार

गिरिधरला सकाळी सगळं सांगितलं. हात, आरसा, नंदिनी, भरधाव, बागेतलं. पेपर खाली ठेवून ऐकलं त्यानं.

पोहे म्हणाला नाही.

मग म्हणाला, "उद्या सुट्टी टाक. मी येतो सोबत." म्हटलं, सोबत नको, तू नुसता घरी राहा.

१५ डिसेंबर, सोमवार

ठाण्यात गेले. तोच हवालदार. "राहू द्या ना मॅडम, तुमचं नाव चांगलं आहे यात." म्हटलं, कागद काढा. हात मी केला. आरसा पाहिला नव्हता. दुचाकी पाहिली नव्हती, भरधाव हा शब्द माझा नाही म्हणून लिहा. ब्रेक एकदम मारला तेही लिहा. सही केली, वेडीवाकडी आली.

बाहेरच्या बाकावर बसून काटोलला फोन लावला. रुखमाबाईंना द्या म्हटलं. सांगितलं — पाहून केला नव्हता हात, आजी. खोटं बोलले मी. तुम्ही माझ्या भरवशावर ढकललंत.



"मंग त्या दिशी काहून नाही बोलल्या वं?" म्हणाल्या. "महिना झाला, मी त्यायच्या पाठीले हात नाही लावला."

उत्तरासाठी त्या थांबल्या नाहीत. मागून रामाजींचा आवाज आला, कवडू, उठव रे. फोन कुठंतरी ठेवल्याचा आवाज, तसाच चालू. आणि मग लांबून त्या —

"राहू दे कवडू. मी धरते."